टेप पुढे कोणाला द्यायची?

‘रिंगू’ म्हटलं की बहुतेकांना टीव्हीच्या काचेतून सरपटत बाहेर येणारं सादाकोचं भूत आठवतं. हिदेओ नाकाता यांचा १९९८ सालचा हा जपानी भयपट त्या एका दृश्यामुळे जगभर पोचला, आणि ते दृश्य आहेच तसं. पण माझ्या लेखी चित्रपट शिखर गाठतो तो त्यानंतरच्या काही मिनिटांत, जिथे भूत नाही, रक्त नाही, किंकाळीही नाही. रेइको आसाकावा ही टीव्ही पत्रकार गाडी चालवते आहे. गाडीत व्हीसीआर आहे आणि ती शापित व्हिडिओ कॅसेट आहे. टेप पाहणारा सात दिवसांत मरतो आणि वाचायचं तर तिची नक्कल करून दुसऱ्याला दाखवावी लागते, हे तिला नुकतंच उमगलं आहे. तिच्या लहानग्या योइचीनं टेप पाहिली आहे. रेइको फोन करते तो आपल्या वडिलांना. योइचीसाठी एक काम आहे, एवढंच सांगते. मग लांबलचक रस्ता, पुढे भरून आलेलं आभाळ, आणि चित्रपट संपतो.

एका आईनं मुलाला वाचवण्यासाठी आपल्या बापाला मरणाच्या रांगेत उभं केलं. बापही पुढे कोणाला तरी टेप देईलच, अशी आशा ठेवायची. तो ती कोणाला देईल? आणि तो माणूस कोणाला? एका बाईच्या सुडाची गोष्ट पाहता पाहता आपण अशा ठिकाणी येऊन उभे राहतो की आता सादाकोची गरजच उरलेली नाही. पुढचं काम माणसं करणार आहेत, तेही प्रेमापोटी.

वर्षभराच्या आत, २३ जानेवारी १९९९ला, ‘रिंगू २’ आला. दिग्दर्शक तेच, पटकथाकार हिरोशी ताकाहाशी तेच, कलाकारही बरेचसे तेच. माझं म्हणणं असं की या चित्रपटानं पहिल्या भागाच्या शेवटी उभा राहिलेला प्रश्न हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि खाली टाकून दिला. तो कमी भीतिदायक आहे ही तक्रार किरकोळ आहे. खरी तक्रार प्रश्नापासून पळण्याची आहे, आणि त्या पळण्याची किंमत ही मालिका पुढची वीस-पंचवीस वर्षं मोजत आली आहे.

पहिल्या चित्रपटानं नेमकं काय केलं हे आधी नीट पाहायला हवं, कारण ते फार मोठं धाडस होतं. जपानमध्ये सूड उगवणाऱ्या मृतात्म्यांची परंपरा हजार वर्षांहून जुनी आहे. सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान दरबारी कटकारस्थानामुळे राजधानीतून हद्दपार झाला आणि ९०३ साली दूर दाझाइफूला मरण पावला. पुढच्या वर्षांत क्योतोवर विजा कोसळल्या, रोगराई आली, दरबारातली माणसं मेली. हा त्याचाच कोप असं ठरलं. मग त्याला मरणोत्तर मानमरातब परत देण्यात आले, कितानो इथे त्याचं देऊळ उभं राहिलं आणि तो विद्येचा देव झाला. आजही परीक्षेच्या आधी जपानी मुलं त्याच्या देवळात जातात. अन्याय झाला, मृतात्मा कोपला, जिवंतांनी अन्याय मान्य केला, आत्मा शांत झाला. एदो काळातली (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातली) ओकिकूची गोष्ट याच वळणाची आहे. दहा थाळ्यांतली एक हरवल्याचा आळ येऊन ती मोलकरीण विहिरीत जाते आणि रोज रात्री विहिरीतून एक ते नऊ असे आकडे ऐकू येतात. एका कथेत कोणीतरी पुढचा ‘दहा’ म्हणून टाकतं आणि ती शांत होते. ओइवाच्या सूडकथेवरचं १८२५ सालचं काबुकी नाटक करण्याआधी नट मंडळी आजही तिच्या देवळात जाऊन येतात. मेलेल्यांचं देणं फेडता येतं, निदान त्याचा मान ठेवता येतो, असा भरवसा या सगळ्याच्या तळाशी आहे.

सादाको या घराण्यातलीच. लांब मोकळे केस, पांढरे कपडे, विहीर, अन्यायानं मृत्यू. तिच्या आईच्या गोष्टीतही खऱ्या इतिहासाचा अंश आहे. टोकियोच्या शाही विद्यापीठातल्या तोमोकिची फुकुराई या मानसशास्त्रज्ञानं १९१० साली चिझुको मिफुने या बाईच्या अतींद्रिय दृष्टीचे जाहीर प्रयोग केले. तिच्यावर फसवणुकीचे आरोप झाले आणि पुढच्याच वर्षी तिनं विष घेतलं. चित्रपटातली सादाकोची आई शिझुको पत्रकारांसमोर असाच प्रयोग करते, तिलाही लबाड ठरवलं जातं आणि ती ओशिमा बेटावरच्या मिहारा ज्वालामुखीत उडी घेते. म्हणजे ‘रिंगू’ पाहणाऱ्या जपानी प्रेक्षकाला रस्ता ओळखीचा होता. रेइको आणि तिचा घटस्फोटित नवरा र्‍यूजी शोध घेत सादाको जिथे मेली त्या विहिरीपर्यंत जातात. बादल्या भरभरून पाणी उपसतात. सादाकोची कवटी हाती लागते तेव्हा रेइको तिला छातीशी धरते, लेकराला धरावं तशी. सातव्या दिवसाची घटका टळते आणि ती जिवंत राहते. अन्याय कळला, हाडं सापडली, कोणीतरी मायेनं जवळ घेतलं. जुन्या रीतीनं गोष्ट इथे संपायला हवी.

दुसऱ्या दिवशी र्‍यूजी मरतो.

करुणेनं काहीही झालेलं नव्हतं. रेइको वाचली ती टेपची नक्कल काढून र्‍यूजीला दिल्यामुळे, आणि ते तिनं नकळत केलं होतं. हजार वर्षांचा तो भरवसा चित्रपट एका फटक्यात काढून घेतो. सादाकोला मान नको, न्याय नको, देऊळ नको. तिला फक्त पसरायचं आहे, आणि तुला जगायचं असेल तर तू तिला पसरव. मराठी वाचकाला हे समजायला फार लांब जायला नको. तिठ्यावर उतारा ठेवणाऱ्याला ठाऊक असतं की आपल्या घरची पीडा तो ओलांडणाऱ्याच्या पायी जाणार आहे. ठेवणारा दुष्ट नसतो. त्याच्या घरात कोणीतरी आजारी असतं. ‘रिंगू’ त्या उतारा ठेवणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यासमोर आणतो आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहायला लावतो.

कोजी सुझुकी यांच्या १९९१ सालच्या मूळ कादंबरीत नायक पुरुष पत्रकार आहे आणि तो बायको-मुलीला वाचवण्यासाठी सासू-सासऱ्यांकडे निघतो. ताकाहाशी आणि नाकाता यांनी तिथे एकटीनं मूल वाढवणारी आई आणली आणि टेप तिच्या सख्ख्या बापाकडे वळवली. या बदलामुळे प्रश्न कितीतरी धारदार झाला. ज्यांना एवढं कळलं होतं त्यांच्याच हातून ‘रिंगू २’ घडला, म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

मधल्या एका चित्रपटाबद्दल बोलायलाच हवं, कारण त्याच्यावर अन्याय झाला आहे. ३१ जानेवारी १९९८ला ‘रिंगू’ एकटा प्रदर्शित झाला नव्हता. त्याच्या जोडीला त्याच दिवशी जोजी इइदा यांचा ‘रासेन’ लागला, सुझुकींच्या पुढच्या कादंबरीवरचा. एक भाग लोकांनी डोक्यावर घेतला, दुसरा नाकारला. मग निर्मात्यांनी ‘रासेन’ झालाच नाही असं धरून ‘रिंगू २’ नव्यानं रचला. ‘रासेन’मध्ये शापाला विषाणूचं रूप दिलं आहे, शवविच्छेदन आहे, गुणसूत्रांची चर्चा आहे. भीतीचा मागमूस नाही, हे खरं. पण त्याचा नायक आंदो या शवचिकित्सकाचा लहान मुलगा बुडून मेलेला आहे, आणि शेवटी त्याच्यासमोर सौदा येतो: सादाकोच्या पसरण्याला साथ दे, तुझा मुलगा परत मिळेल. तो सौदा पत्करतो. म्हणजे पडलेल्या, पुसून टाकलेल्या या चित्रपटानं निदान प्रश्न तरी सोडला नव्हता. आपल्या लेकरापायी तू बाकीच्यांचं काय करशील, हे त्यानंही विचारलं. कथनात तो कोरडा आहे, पण पहिल्या भागाशी इमान त्यानं ‘रिंगू २’पेक्षा जास्त राखलं. ‘रिंगू २’ तिकीटबारीवर चालला म्हणून तो आज अधिकृत पुढचा भाग समजला जातो. हा क्रम बरोबर आहे असं मला वाटत नाही.

आता ‘रिंगू २’. सुरुवातीला आशा वाटते. विहिरीतून निघालेल्या सांगाड्याची तपासणी होते आणि कळतं की सादाको त्या विहिरीत पडल्या पडल्या मेली नाही, पुढची सुमारे तीस वर्षं ती आत जिवंत होती. ही कल्पना भयानक आहे आणि नाकाता ती अगदी शांतपणे, दवाखान्याच्या उजेडात मांडतात. कवटीवर माती लिंपून तिचा चेहरा घडवला जातो. र्‍यूजीची विद्यार्थिनी माई ताकानो रेइकोचा शोध घेऊ लागते. मनोरुग्णालयात मासामी नावाची मुलगी आहे. मैत्रिणीचा मृत्यू तिनं डोळ्यांनी पाहिला आहे आणि आता टीव्ही जवळ आला तरी ती थरथरते. हे सगळं चांगल्या चित्रपटाचं सामान आहे.

पण रेइकोचं काय? तिनं जे केलं त्याचं काय? वडील मेलेले आहेत, हे आपल्याला चौकशीच्या ओघात कळतं. पहिल्या चित्रपटाचा सगळा भार ज्या कृतीवर होता ती दोन चित्रपटांच्या मधल्या फटीत घडून गेली. त्या घरात काय बोलणं झालं? म्हाताऱ्यानं नातवासाठी हसत टेप पाहिली का? मग त्यानं ती पुढे दिली का नाही, की द्यायची नाही असं ठरवून सात दिवस एकटा बसून राहिला? यातल्या कोणत्याही एका उत्तरावर आख्खा चित्रपट उभा राहिला असता. इथे रेइको काही वेळ दिसते, पोलिसांच्या तावडीतून निसटलेल्या मुलामागे धावते आणि ट्रकखाली येऊन मरते. जिच्या निर्णयानं आपल्याला हादरवलं तिला पटकथेनं अपघातात संपवलं. तिला जाब द्यायची वेळच येत नाही.

तिच्या जागी येतो डॉक्टर कावाजिरी आणि त्याचा पोहण्याचा तलाव. शाप ही एक प्रकारची ऊर्जा आहे, ती योइचीच्या अंगात साठली आहे, पाणी ती शोषून घेतं, म्हणून यंत्रं जोडून ती तलावात सोडून द्यायची, असा हा उपाय. ओशिमा बेटावर प्रयोग होतो, फसतो, माणसं मरतात, माई आणि योइची कसे कोण जाणे त्या विहिरीच्या तळाशी जाऊन पडतात. मेलेला र्‍यूजी प्रकट होऊन मुलाच्या मनातली भीती स्वतःकडे घेतो आणि दोर धरून ती दोघं वर चढतात. म्हणजे सात दिवसांची मुदत गेली, नक्कल काढण्याची अट गेली, दुसऱ्याला देण्याचं पाप गेलं. संकट एका मुलाच्या शरीरात बंद झालं आणि ते काढण्यासाठी तज्ज्ञ आला. प्रेक्षक मोकळा झाला. आता त्यानं स्वतःला काहीही विचारायचं कारण नाही.

पहिल्या भागात नियम साधा होता आणि त्यातून सुटका नव्हती. तुम्ही खुर्चीत बसून हिशोब करू लागता: मी कोणाला देईन? ज्याच्याशी वैर आहे त्याला? अनोळखी माणसाला? म्हाताऱ्याला? प्रत्येक उत्तरासरशी स्वतःची थोडी ओळख पटते. आणि तुम्ही त्या हिशोबात शिरता कारण नियम कुठेही वाकत नाही. तलावातल्या यंत्रांनी तो एकदा वाकवला की मग हवं ते होऊ शकतं, आणि जिथे हवं ते होऊ शकतं तिथे माणसाला काही ठरवावं लागत नाही.

यातली सर्वांत खुपणारी गोष्ट अशी की योग्य चित्रपट ‘रिंगू २’च्या पोटातच आहे. ओकाझाकी हा रेइकोच्या कार्यालयातला तरुण पत्रकार. त्याला बातमीसाठी ती टेप हवी आहे. कानाए नावाची शाळकरी मुलगी त्याला टेप मिळवून देते, पण तोवर तिनं स्वतः ती पाहिलेली असते. तिचा जीव आता याच्या हातात आहे. तू नक्की बघशील ना, असं ती विचारते. तो हो म्हणतो. मग घाबरतो आणि टेप टेबलाच्या खणात ठेवून देतो. मुलगी मरते.

पहिल्या भागातला प्रश्न इथे उलटा केला आहे. तिथे प्रश्न होता, मरण दुसऱ्याला द्यायचं का. इथे आहे, दुसऱ्याचं मरण आपल्या अंगावर घ्यायचं का, तेही शब्द दिल्यावर. ओकाझाकी खुनी नाही, त्यानं फक्त खण बंद केला. आपल्यातल्या बहुतेकांनी तेच केलं असतं हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून त्याच्याकडे पाहवत नाही. नंतर तो तिच्या मुलाखतीचं चित्रण पुसायला बसतो तेव्हा पडद्यावर तिचा चेहरा त्याला सोडत नाही. चित्रपटातला माझ्या मते सर्वांत भेदक प्रसंग हाच, आणि त्यात विहीर नाही, सादाको नाही. अपराधी माणूस आहे आणि त्यानं फसवलेल्या मुलीचं चित्र आहे. पण पटकथेला तलावाकडे जायची घाई आहे. ओकाझाकीला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवलं जातं आणि गोष्ट डॉक्टरच्या मागे जाते. ताकाहाशींना धागा सापडला होता. तो मुख्य धागा करण्याचं धाडस झालं नाही, किंवा तेवढा वेळ मिळाला नाही.

या चित्रपटाची बाजू घेणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. ते म्हणतात, नाकातांचं वातावरण पाहा, केन्जी कावाई यांचं संगीत पाहा, रिकाम्या खोलीत नुसती उभी राहिलेली आकृती पाहा. भयपटाकडून नीतिकथेची अपेक्षा का करावी? भीती हीच त्याची कमाई. वातावरणाबद्दल मी पूर्ण सहमत आहे. मासामीचा प्रसंग आजही अंगावर येतो. नीतिकथा मलाही नको आहे. रेइकोनं बरोबर केलं की चूक, हे ‘रिंगू’ कुठेच सांगत नाही, म्हणून तर तो प्रश्न शिल्लक राहतो. पण भीती वातावरणातून येते हे अर्धंच खरं. अंधारी खोली प्रत्येक भयपटात असते. त्या खोलीत माझं काय पणाला लागलं आहे हे कळल्याशिवाय अंधार फक्त अंधार असतो. पणाला लागलेली गोष्ट काढून घेतल्यावर ‘रिंगू २’कडे वातावरण उरलं, आणि दीड तासात ते विरून गेलं.

दुसरा बचाव असा की पुढच्या भागात काहीतरी उलगडा हवाच, त्याच त्या नियमावर पुन्हा चित्रपट काढला तर लोक कंटाळतील. मला हे पटत नाही. सादाको कुठून आली, तिची शक्ती कसली, तिचा खरा बाप कोण, या गोष्टी ऐकायला उत्सुकता वाटते, पण त्यांची उत्तरं मिळाल्यानं आपण जागचे हलत नाही. मालिकेत याचा चांगला पुरावाही आहे. नोरियो त्सुरुता यांचा २००० सालचा ‘रिंगू ०’ सादाकोच्या तरुणपणात जातो, तिला नाटक मंडळीत काम करणारी लाजाळू मुलगी म्हणून दाखवतो आणि विहिरीपर्यंत नेतो. तो माझ्या मते ‘रिंगू २’पेक्षा पुष्कळ सरस आहे, तेही उलगड्यासाठी नव्हे. एका मुलीला भिऊन माणसांचा जमाव काय करतो, हे तो पाहतो. त्यानं स्वतःचा वेगळा प्रश्न आणला आणि शेवटपर्यंत धरून ठेवला. पुढच्या भागाला नवा प्रश्न चालतो, जुना चालतो. कोणताच नसलेला चालत नाही.

मग असं का होतं? याचं उत्तर मालकीत आहे. पहिला चित्रपट चालला की निर्मात्याला वाटतं चाललं ते पात्र. केस, पांढरा झगा, विहीर, टीव्ही ही मालमत्ता झाली, तिची पुढची आवृत्ती वर्षाच्या आत बाजारात हवी. प्रश्नाची मालकी घेता येत नाही, त्याचं खेळणं निघत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. २०१२ साली ‘सादाको ३डी’च्या जाहिरातीसाठी टोकियो डोममध्ये बेसबॉल सामन्याआधी सादाकोच्या वेशातल्या बाईनं पहिला चेंडू टाकला. २०१६ साली तिची ‘जु-ऑन’ या दुसऱ्या भयपट मालिकेतल्या कायाको या भुताशी झुंज लावली गेली. अनेकांना यात गंमत वाटली. मला यात एका थोर भीतीची हेळसांड दिसते. अन्यायानं मेलेल्या, तीस वर्षं अंधारात जिवंत राहिलेल्या बाईला मैदानावर चेंडू टाकायला लावायचा, हे ओइवाच्या देवळात जाऊन येणाऱ्या नटांच्या परंपरेत बसत नाही.

२०१९ साली नाकाता स्वतः परतले आणि ‘सादाको’ काढला. आता व्हिडिओ कॅसेट गेली होती आणि समाजमाध्यमं आली होती. ज्या काळात नक्कल काढायला व्हीसीआर लागत नाही, बोट टेकवलं की हजार लोकांपर्यंत पोचतं, त्या काळाला ‘रिंगू’चा नियम जितका लागू पडतो तितका १९९८लाही पडत नव्हता. या चित्रपटात यूट्यूबवर व्हिडिओ टाकणारा तरुण आहे, त्याला शोधणारी बहीण आहे. आणि चित्रपट काय करतो? जो चित्रण करील तो मरेल, एवढ्यावर येऊन थांबतो. पाहणारा सुटला, पुढे पाठवणारा सुटला, दुसऱ्याला देण्याचा पर्यायच राहिला नाही. ज्या दिग्दर्शकानं ती आई गाडीत बसवली होती त्यानं, हाती सगळी साधनं असताना, ती गाडी पुन्हा सुरू केली नाही. ‘रिंगू २’मध्ये लागलेली सवय वीस वर्षांनीही सुटली नव्हती.

हा प्रश्न एवढा लावून धरायचं कारण तो पडद्यापुरता नाही. जपानमध्ये १९७०च्या सुमारास ‘दुर्दैवाची पत्रं’ घरोघर येत होती: हे पत्र इतक्या जणांना पाठवा, नाहीतर तुमच्यावर संकट येईल. आपल्याकडे देवादिकांच्या नावानं येणारी पोस्टकार्डं आठवणारी पिढी अजून आहे, आणि तीच पत्रं पुढे मोबाइलवर आली. बहुतेक वेळा त्यातून काही बिघडत नाही. पण कधी बिघडतं. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आल्याचे संदेश त्याआधी मोबाइलवरून फिरत होते. असे संदेश पुढे पाठवणारे बरेच जण आईबाप असतात. आपलं लेकरू सांभाळावं म्हणून पाठवतात, मरण मात्र अनोळखी माणसाच्या दारात जातं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंधन आणलं. हा तांत्रिक उपाय होता आणि तो गरजेचा होता. पण पाठवणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय चालतं ते दाखवण्याचं काम कथेचं आहे, आणि भयपटाइतकं ते दुसऱ्या कोणत्या प्रकाराला जमेल असं मला वाटत नाही. ‘रिंगू’नं ते जमवून दाखवलं होतं.

म्हणून ‘भयपटच तर आहे, कसाही असला तरी काय’ हे वाक्य मला सहन होत नाही. प्रेक्षक असं म्हणत राहिले तर निर्मात्यांना तलावच परवडेल. आपण पुढच्या भागाकडून जास्त मागायला हवं. भूत किती वेळा दिसलं, किती लोक दचकले, हे मोजण्याआधी विचारावं की पहिल्या भागानं माणसासमोर जे ठेवलं होतं त्याचं इथे काय केलं.

‘रिंगू २’ शेवटाकडे एकदाच त्या प्रश्नाच्या अगदी जवळ येतो. माई आणि योइची दोर धरून वर चढत असतात. खालून सादाको भिंतीवरून सरसर वर येते. चेहरा तिचा नाही, कवटीवर लिंपलेल्या त्या मातीचा आहे. ती माईला गाठते आणि विचारते, तू एकटीच का वाचलीस? उत्तर न घेताच ती खाली कोसळते आणि ती दोघं तलावातून बाहेर निघतात. हा प्रश्न माईला विचारण्यात काही अर्थ नव्हता, तिनं कोणाला टेप दिली नव्हती. तो रेइकोला विचारायला हवा होता, ओकाझाकीला विचारायला हवा होता. चित्रपटाकडे हे वाक्य होतं, ते ऐकायला योग्य माणसंही होती. त्यातल्या एकाला ट्रकखाली घातलं आणि दुसऱ्याला वेड्यांच्या इस्पितळात.